बगळ्यांना भिणारी शकू

शकूला बगळ्यांची भीती वाटायची.

सापाची नाही, विंचवाची नाही. बगळ्यांची.

हसू येईल तुम्हाला. मलाही यायचं, आधी.

आमचं गाव पोखर्णीच्या अलीकडं. शाळा सुटली की आम्ही पोरी कॅनॉलवर. रानात पाणी सोडलं की बगळे उतरायचे, आणि दिवस कलला की डोक्यावरून रांगेनं परत जायचे.

रांग दिसली की नखांवर नखं घासायची आणि ओरडायचं,

बगळेदादा पांढरे,
माझ्या नखाला फूल दे रे!

जिच्या नखावर पांढरा ठिपका निघेल तिला फूल मिळालं. मग काय तोरा तिचा!

पाचवीत असताना शकूला फूल मिळालं.

नखावर नाही. बोटाच्या पेरावर.

गावभर हात दाखवत फिरली ती. मग घरी जाऊन मायला दाखवला.

मायनं दार लावून घेतलं आणि पाय घासायच्या वजरीनं ते बोट घासलं. रक्त येईपर्यंत. मी बाहेर ओट्यावर होते. शकूचं ओरडणं अजून कानात आहे.

माय बाहेर आली. मला म्हणाली, "कुनाला सांगू नको. चहा सांडला म्हन. पोरीची जात हाय."

ठिपका वाढला. दुसरा आला. मग मनगटावर.

त्यानंतर शकू कॅनॉलवर आली की आधी वर बघायची. बगळे दिसले की बाभळीखाली पळायची, फ्रॉकच्या घेरात दोन्ही हात लपवून.

"आनखी देतील गं मला."

दात वाजायचे तिचे.

आम्ही पोरींनी ते गाणंच सोडलं. कुणी ठरवलं नव्हतं. प्रत्येकीला आपापल्या हातांची भीती बसली होती.

शकू शिकली. परभणीत शाळेवर टीचर झाली. बघायला पाहुणे आले तेव्हा मायनं फुल बाह्यांचा ब्लाऊज काढून दिला होता. शकूनं पोह्यांची प्लेट ठेवली आणि स्वतःच बाही वर केली. 

दत्ता भाऊजी बघतच राहिले. मग म्हणाले, "माझ्या आत्यालाबी हाय. पोहे गार व्हायलेत."

असा माणूस मिळाला तिला.

प्राची झाली तेव्हा शकू स्किनच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी नीट समजावलं. कोड हा शाप नाही, ते लागत नाही. शकूनं एकच विचारलं, "पोरीला होईल का?"

"सांगता येत नाही."

तेव्हापासून प्राचीला आंघोळ तीच घालायची. दिवसाच्या उजेडात. मान, पाठ, कानामागं, सगळं बघून.

एकदा दिवस कलताना शकूचा फोन आला. 

"प्राची गच्चीवर नखं घासायली होती गं. शेजारच्या पोरींनी शिकवलं. ओढत आणलं तिला खाली. खिडक्या लावून बसलेय."

मागं प्राची रडत होती. "मम्मी, मी फूलच मागायले होते..."

मी म्हटलं, "शकू, तू टीचर आहेस. बगळ्यानं काय होतंय?"

"डोक्याला कळतंय गं. पायाला कळत न्हाई. पाय पळत्यात."



मागच्या वर्षी आजच्या दिवशी शकू गेली. डेंग्यू. प्लेटलेट्स उतरत गेल्या आणि आम्ही हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये नुसते उभे.

घरी आणलं. शेवटची आंघोळ घालायची होती. तोवर दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते तिचे.

बायका पुढं होईनात. एकजण हळूच म्हणाली, "हात लावला तर चालतंय का?"

प्राचीनं ऐकलं. आता दहावीत आहे ती. उठली, बाह्या वर केल्या आणि तांब्या उचलला.

मी तिच्याशेजारी जाऊन बसले. आणि माझी नजर गेली. तिच्या हातांवर. मनगट, पेरं, कोपर.

तिनं मला बघताना बघितलं.

"न्हाई मावशी," ती म्हणाली. "मी रोज बघते."

 शकू, ती पण रोज बघते गं.

आम्ही दोघींनी तुला सावकाश आंघोळ घातली. घाई केली नाही.

वर्ष झालं बाई. प्राची जेवते, अभ्यास करते. दत्ता भाऊजी बरे आहेत. पोरीकडं माझं लक्ष आहे.

तू आता निवांत राहा. तुझ्या मैत्रिणीचा तुला मनापासून नमस्कार.