फॉन्ट नसलेली गूळपोळी

थंडीत बाजारात खजुराचा नोलेन गूळ आला, की त्याच्या धुरकट वासाबरोबर मला एक ई-मेल आठवते. लग्नानंतरची कोलकात्यातली माझी ती पहिली संक्रांत. आई आदल्या वर्षी गेली होती. ती पोळ्या करायची तेव्हा बाबा ओट्याशेजारी पेपर वाचत बसायचे. तेवढ्या आठवणीवर त्यांनी नागपूरहून गूळपोळीची कृती टाइप करून पाठवली. पण त्यांचा जुना मराठी फॉन्ट माझ्या कॉम्प्युटरवर नव्हता, त्यामुळे पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस उमटले. फोन केला तर बाबा वैतागले, "इथे तर स्वच्छ दिसतंय गं! थांब, फॉन्ट पाठवतो." मी म्हटलं, "नको बाबा, वाचूनच दाखवा." फोन खांद्याला लावून मी गूळ किसत राहिले, ते वाचत राहिले. "बेसन खमंग भाजावं. पहिली पोळी हमखास फुटते. ती नवऱ्याला वाढावी." मग बाबा हळूच म्हणाले, "दर संक्रांतीला ती माझ्याच ताटात यायची." मी किसणं थांबवलं. आता मराठी कुठेही नीट दिसतं. लेक म्हणते, "आई, ती मेल दे, मी मिनिटात वाचता येईल अशी करते." मी देत नाही. मला ती वाचता येते, बाबांच्या आवाजात.