मागून येणारी बायको

फेल्डहोवन या डच गावातल्या आमच्या घरासमोर सायकली सज्ज झाल्या, तेव्हा शेजारचे हेंक आजोबा कॉफीचा मग घेऊन फाटकाशी आले. माझ्या सायकलला लटकलेल्या दोन्ही फीट्सटास (मागच्या कॅरिअरला लावायच्या पिशव्या) त्यांच्याच होत्या, उसन्या घेतलेल्या. दीड मीटरचं अंतर राखून त्यांनी विचारलं, बायकोला चढ झेपतील ना? म्हणून तर आधी रंगीत तालीम, असं मी ऐटीत सांगितलं. मेधा शेजारीच उभी होती. तिनं हेल्मेटचा पट्टा घट्ट केला.

तालीम होती फ्रान्सची. साथीच्या पहिल्या उन्हाळ्यात घरात कोंडलेलो असताना मेधानं मोर्वां नावाच्या फ्रेंच टेकड्यांचे फोटो पाहिले आणि तिथं सायकलनं जायचंच, असं मनात घेतलं. दुसऱ्या उन्हाळ्यात निर्बंध जरा सैल झाले. तिला सायकल मीच शिकवलेली, इथं आल्यावर, रिकाम्या पार्किंगमध्ये कॅरिअर धरून मागे पळत. त्यामुळे बेत आखायचा मानही मी आपण होऊन घेतला. ना फार सोपा, ना फार अवघड, 'मेधाला झेपेल असा'. हे शब्द मी पुण्याला आईला ऐकवले, मित्रांच्या ग्रुपवर टाकले, हेंक आजोबांनाही सांगितले. मेधाला तेवढं विचारायचं राहिलं.

तालमीसाठी मी निवडला लिंबुर्ग, या सपाट देशातला एकमेव डोंगराळ कोपरा. रेल्वेत मास्क लावून, सायकली धरून उभ्यानं प्रवास करत आम्ही तिथल्या मास्ट्रिख्टला उतरलो. शहर संपलं आणि पाहतो तर काय, जमीन चक्क वर-खाली होत होती. उतारावर गाई तिरक्या उभ्या होत्या. काळ्या लाकडी चौकटींची पांढरी घरं, मागे चेरीच्या बागा. मेधा दर वळणावर "अरे, ते बघ" म्हणत होती. इतकी खूश ती मला वर्षभरात दिसली नव्हती.

एका खेड्यात नुकत्याच पुन्हा उघडलेल्या हॉटेलबाहेर बसून आम्ही व्लाय (फळांचं सारण भरलेला इथला भाजलेला गोड पदार्थ) खाल्ला. मेधानं एक तुकडा घेतला, मी तीन. चढाला ताकद लागते, असं वर तिलाच समजावलं.

इथे सायकलवाटांच्या चौकांना क्रमांक असतात. घरून निघताना आकडे टिपून घ्यायचे आणि पाट्या बघत निघायचं. आमच्याकडे सगळ्यात मोठा चढ म्हणजे कालव्यावरचा पूल, तेव्हा दोन आकड्यांच्या मध्ये डोंगर असू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. इंजिनिअर म्हणवतो मी स्वतःला! पाटी मागे पडली आणि रस्ता समोर उभाच राहिला.

मेधानं मागे वळून विचारलं, एक पिशवी माझ्याकडे देतोस का? मी म्हणालो, तू स्वतःला सांभाळ. ती गिअर बदलून शांतपणे निघाली. वर्षभर मी खोलीत स्क्रीनपुढे मीटिंगा करत होतो, तेव्हा ही रोज संध्याकाळी 'जरा फिरून येते' म्हणून वाऱ्याच्या तोंडावर सायकल मारत होती. ती कुठवर जाते, हे मी कधी विचारलं नव्हतं. पहिल्या वळणाला ती दिसेनाशी झाली. दुसऱ्या वळणाआधी माझे पाय गळाले. उतरलो आणि सायकलवर ओणवा होऊन धापा टाकत राहिलो.

तेवढ्यात एक वयस्क डच जोडपं वर चढत आलं. आजींनी थांबून विचारलं, सगळं ठीक आहे ना? दम लागलाय, एवढंच म्हणायचं होतं. पण तोंडातून भलतंच निघालं. बायकोसाठी थांबलोय, ती मागून येतेय, तिला चढाची सवय नाही. आजी "बिचारी" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. मला बरं वाटलं, हे सांगताना आता कान गरम होतात.

उरलेला चढ मी सायकल ढकलत चढलो. माथ्यावर बाक होता. बाकावर मेधा, आणि समोरच्या कठड्यावर तेच आजी-आजोबा, थर्मासमधला चहा पीत. आजींनी माझ्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे काळजीनं पाहिलं.

"तुमची बायको अजून खालीच आहे? फारच मागे राहिली का हो?"

मेधानं माझ्याकडे पाहिलं. मग आजींकडे वळून साध्या डचमध्ये म्हणाली, "त्यांची बायको मीच."

आजोबा हसले. आजींनी घाईघाईनं थर्मासचं झाकण लावायला घेतलं. मेधा हसली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं रागवावं, चार शब्द सुनावावेत, असं फार वाटलं. तिनं फक्त पाण्याची बाटली पुढे केली.

परतीच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. मास्कमुळे तिचा चेहरा वाचता येत नव्हता. शेवटी ती म्हणाली, "चालत आलास त्याचं मला काही नाही रे. पण मी तिथं नसताना तू मला मागे टाकलंस." तिच्या वर्षभराच्या हौसेचं मी काय करून ठेवलं, ते मला दिसत होतं. फ्रान्सचं नाव काढायची हिंमत झाली नाही.

घरी पोचलो तर हेंक आजोबा झाडांना पाणी घालत होते. त्यांनी लांबूनच हाक मारून विचारलं, काय, बायकोला झेपलं का?

"ती न थांबता वर गेली," मी म्हणालो. "मला झेपलं नाही. मी सायकल ढकलत गेलो. आणि तीच मागे राहिली, असं लोकांना खोटं सांगितलं."

आजोबांनी नळ बंद केला. मी पिशव्या परत करायला वाकलो, तोच मेधानं एक पिशवी सोडवली आणि आपल्या कॅरिअरला अडकवून पाहिली.

"या आम्हाला अजून लागतील," तिनं आजोबांना सांगितलं. मग माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाली, "फ्रान्सचा रस्ता मी आखणार. तुला झेपेल असा."