रोलमधला पहिला फोटो

गेल्या रविवारी डोंबिवलीत, आमच्या व्याख्यानमाला मंडळाच्या खोलीत बसून आम्ही वसंतकाकांना कायमचं डिलीट करणार होतो... तेही चहा पिता पिता.

सांगते. मंडळाचे सगळे जुने फोटो कॉम्प्युटरवर आणून त्यांची नीट डिजिटल लायब्ररी करायची, असं कार्यकारिणीने ठरवलं. संस्कृत शिकवणारी बाई फाइलींना नावं बरी देईल, या समजुतीने मला त्यात घेतलं. नामकरण हा सोळा संस्कारांपैकी एक आहे हे खरं, पण तो एका बैठकीत शेकडो अर्भकांवर करायचा असतो, असं कुठे वाचलं नव्हतं.

जोडीला शिल्पा. माझी जुनी विद्यार्थिनी, आता ठाण्याला आयटीत आहे. नावात आधी वर्ष, मग वक्ता, मग प्रसंग, ही शिस्त तिची. नुसता आकडा असलेल्या निर्गुण निराकार फाइलींना सगुण करणं माझं काम.

फोटो बघता बघता लक्षात आलं, की मंडळाने इतकी वर्षं फक्त शाल आणि श्रीफळ यांचा इतिहास जपलाय. वक्ते बदलतात... नारळ तोच असावा अशी शंका येते.

त्यातच मंगलकाकूंचा फोन आला. काकू म्हणजे वसंतकाकांच्या पत्नी, मानपाड्याला राहतात. काका गेले त्याला आता वर्ष होईल.

"भिंतीवर आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावलाय गं. बघितलं की वाटतं, मीच काहीतरी गुन्हा केलाय. मंडळात जन्म गेला त्यांचा, एखादा हसरा फोटो असेलच. वर्षश्राद्धाच्या आधी दे."

असेलच, असं मीही म्हटलं. सतरंज्या, खुर्च्या, माइक, पाहुण्यांची रिक्षा... सगळं काका बघायचे.

पण काका एकाही फोटोत नाहीत. कार्यक्रम सुरू झाला की ते मागच्या दारात उभे, आणि कॅमेऱ्याचं तोंड कायम स्टेजकडे. एका फोटोत वक्त्यासमोर तांब्या ठेवणारा हात दिसला, घड्याळावरून मी तो ओळखला. पण वर्षश्राद्धाला हाताचा फोटो कसा लावणार...

तर रविवारी आमची ऑनलाइन जागा संपली. शिल्पा म्हणाली, "बाई, 'बाद' फोल्डर उडवते हं. सगळे जळके फोटो आहेत."

जुन्या निगेटिव्ह ठाण्यातून स्कॅन करून आणल्या होत्या, त्यातले हे प्रत्येक रोलचे पहिले फोटो. कॅमेऱ्यात रोल भरताना पहिल्या फ्रेमवर उजेड पडायचा आणि ती अर्धीअधिक नारिंगी होऊन जायची. म्हणून तिची प्रिंट कुणी काढतच नसे.

"उडव," मी म्हटलं. मग शिक्षकी खोड आडवी आली... नापासांचे पेपर एकदा पुन्हा चाळायची. "थांब. आधी उघड."

पहिल्या फोटोत अर्धी आग, आणि उरलेल्या अर्ध्यात माइकसमोर वसंतकाका. पुढच्यातही तेच. त्याच्या पुढच्यातही... केस कमी होत गेलेले, हसू तेवढंच.

मग आठवलं. आमचे कल्याणचे फोटोग्राफर भारी काटकसरी. वाया जाणाऱ्या फ्रेमवर पाहुणे कशाला खर्च करायचे? ते हाक मारायचे, "वसंतराव, उभे राहा जरा." आणि काका वक्त्याच्या जागी जाऊन उभे राहायचे.

मी तेव्हा खाली रांगोळी काढत असायचे. काका रिकाम्या सभागृहाकडे बघून गंभीरपणे सुरू करायचे, "सर्व उपस्थित खुर्च्यांनो..." मग खुर्च्यांचे वेळात वेळ काढून आल्याबद्दल आभार. पहिल्या रांगेला कानपिचकी, की तुम्ही नेहमी उशिरा भरता. फोटोग्राफर हसायचे, काका हसायचे... क्लिक.

पुढे डिजिटल कॅमेरा आला. फ्रेम वाया जायची थांबली, आणि काकांचं भाषणही.

शिल्पाने माउसवरचा हात हळूच बाजूला घेतला.

संध्याकाळी लॅपटॉप घेऊन आम्ही मानपाड्याला गेलो. काकू चेहऱ्याआधी शर्ट ओळखत होत्या. "हा निळा मी बोहारणीला दिला. दोन दिवस अबोला होता." मग थांबल्या. "पण हे माइकवर काय करतायत? घरात तर वरण हवं की नको, तेसुद्धा मान हलवून सांगायचे."

मी काकांचं भाषण म्हणून दाखवलं, आठवलं तेवढं. काकू हसल्या. मग म्हणाल्या, "मला कधी ऐकायला बोलावलं नाही."

मी पुढचा फोटो उघडला.

"परत म्हण," काकू म्हणाल्या. "सावकाश."

मी परत म्हटलं. या वेळी त्यांनी मध्येच अडवलं. "वेळात वेळ काढून नाही म्हणणार ते. 'सवड काढून' म्हणतील." मी दुरुस्ती केली आणि पुढे गेले.

काकूंनी निवडला तो सगळ्यात जास्त जळलेला फोटो. काकांचा एक कान त्यात नाही, पण हसू पूर्ण आहे. लायब्ररीत तो कुठे ठेवायचा, हे शिल्पाने मला विचारलंही नाही. 'वक्ते' मध्ये टाकून मोकळी झाली.

आमच्या त्या काटकसरी फोटोग्राफरांना मनापासून नमस्कार... ते उदार असते, तर आज आमच्याकडे काका नसते.