पाण्याला पाठ दाखवू नये

कराडहून पहाटेची एसटी धरली. आई खिडकीशी चादर गुंडाळून बसलेली. मांडीवरच्या पिशवीत खण, नारळ, हळदकुंकू. माझ्या गळ्यात नवा कॅमेरा. माणदेशातल्या आमच्या गावात तिचा जन्म टँकरची वाट बघण्यात गेला होता. समुद्र तिला एकदा बघायचा होता, आणि मावशीचा विश्वास बसावा म्हणून त्याच्यासोबत फोटो हवा होता.

कुंभार्ली घाट उतरून गुहागरला पोचलो. सुरूची झाडं संपली आणि आई थांबलीच. आमच्याकडं पाणी म्हटलं की आधी काठ दिसतो, पाणी कुठंतरी खोल. इथं काठच नव्हता. निळ्याच्या पुढं निळंच.

म्हणाली, "कुणाचं रं हे समदं?"

"कुणाचंच न्हाई."

"आसं कसं आसंल?"

चपला काढून तिनं समुद्राची ओटी भरली. लाटेनं नारळ परत तिच्या पायाशी आणून टाकला.

"आये, घेत न्हाई बघ तुजा."

"गप. पाव्हण्याला कुणी रिकामं धाडतं व्हय?" नारळ पदराला पुसून तिनं पिशवीत ठेवला.

फोटोसाठी मात्र ती वळेना. "पाण्याला पाठ दावू न्हाई."

"तोंड नको दिसायला? मावशी म्हणंल, कुणाची म्हातारी ही?"

"म्हणू दे की. मला ठावं हाय."

मी चिडलो. अख्खा रोल होड्यांवर, माडांवर, देवळाच्या दीपमाळेवर घालवला. शेवटचा एक रागारागानं तिच्या पाठीवर उडवला.

सगळे फोटो स्वच्छ आले. पण बिनतोंडाचा फोटो दाखवायची मला लाज वाटली. तिला सांगितलं, रोल जळला. ती हसली. "येवढं मोठं त्ये, डबड्यात मावंल कसं?"

मावशीनं शेवटपर्यंत मानलं नाही. चारचौघांत म्हणायची, "पाझर तलाव बघून आली आसंल." आईही तिच्यासंगं हसायची. मी तिथंच चहा पीत बसलेलो असायचो आणि फोटो माझ्या ट्रंकेत. आता दोघीही नाहीत.

परवा तो फोटो बाहेर काढला. डोक्यावर पदर, जोडलेले हात कोपरापर्यंतच दिसतात. या कडेपासून त्या कडेपर्यंत पाणी, आणि त्यापुढं ती एवढीशी. बाकीच्या सगळ्या फोटोंत समुद्र कशाच्या तरी मागं आहे. या एकातच तो समोर आहे.