वाचणारा ठरलेला आहे

धानोरकर सर गेल्याची बातमी शेख बाईंनी आणली. परभणीच्या ज्या छापखान्यात मी प्रुफं तपासतो, तिथं त्या दुपारच्या एसटीनं आल्या आणि यंत्राचा खडखडाट थांबेपर्यंत दारातच उभ्या राहिल्या. मोठ्यानं बोलून आवाज वाया घालवणं त्यांना कधीच आवडलं नाही. यंत्र थांबलं तेव्हा म्हणाल्या, "मिलिंद, गोविंदराव सकाळी गेले. झोपेतच. शनिवारी गेले असते तर पोरांचं वाचन बुडालं असतं, म्हणून सोमवार धरला असेल..." एवढं बोलून त्या स्टुलावर बसल्या आणि पदरानं चष्मा पुसत राहिल्या. एकाच शाळेत, एकाच खिडकीजवळ शेजारी खुर्च्या टाकून सर मराठी शिकवत आले आणि बाई हिंदी; निवृत्त झाल्यावरही शनिवारी दोघं तिथंच बसायचे. त्यातली एक खुर्ची आता रिकामी झाली होती. मी त्यांना पाणी दिलं. मला रडू आलं नाही. मला अभिमान वाटत होता, आणि हे लिहितानाही तोच वाटतो आहे.

आमचं गाव पोखर्णीच्या पलीकडं, मोठ्या रस्त्यापासून आत. शाळा दहावीपर्यंत. त्या शाळेत या दोघांनी एक रीत लावली होती. शनिवारी सकाळची शाळा सुटली की सातवीच्या पुढच्या प्रत्येक मुलानं दुसऱ्याच्या घरी जायचं आणि तिथं ज्याला वाचता येत नाही त्याला गोष्टीचं एक प्रकरण वाचून दाखवायचं. आपलं घर चालायचं नाही, भावकीतलं नाही, आपल्या गल्लीतलंही नाही. कुणी कुठल्या घरी जायचं ते सर ठरवायचे. मराठ्यांच्या मुलीला ते मुसलमानांच्या गल्लीत पाठवत, वाण्याच्या मुलाला बौद्धवाड्यात. यामागचं कारण त्यांनी एकदा वर्गात सांगितलं होतं. ते लहान असताना निजामाचं राज्य होतं आणि शाळा उर्दूत चाले. ते घरी बसून मोठ्यानं धडे म्हणत, आणि आई चुलीपाशी विचारी, "गोविंदा, काय म्हणायलास रे तू?" त्यांना तिला त्यातलं काही समजावता यायचं नाही, इतकी ती भाषा घराला परकी. "शाळेत शिकलेलं घरात शिरलंच नाही, तर ते शिकून काय करायचं?" सर म्हणायचे. "अन् आपल्याच घरात शिरून तरी किती शिरणार..."

पुस्तक सर निवडायचे आणि आवाज बाई घडवायच्या. मैदानाच्या एका टोकाला आम्हाला उभं करून त्या दुसऱ्या टोकाच्या लिंबाखाली जाऊन थांबायच्या. ऐकू आलं नाही की हात वर. आम्ही ओरडायला लागलो की दोन्ही हात वर. "ओरडतात ते भिकार फेरीवाले. तुमी सांगायलात. सांगा!" आणि सर पुस्तकात पेन्सिलीनं बारीक रेघ मारून द्यायचे. इथं थांबायचं, पुढचं पुढच्या शनिवारी. ती रेघ नेमकी अशा जागी असायची की ऐकणारा माणूस उठून बसायचा.

मला आठवीत नरहरी अण्णांचं घर मिळालं. अण्णा गावातले मोठे शेतकरी. डोळ्यांत मोतीबिंदू, आणि गावात एकच पिठाची गिरणी होती ती त्यांच्या मुलाची, मधुकररावांची. मी बौद्धवाड्यातला. माझे वडील सालगडी म्हणून राबत आणि चळवळीच्या सभांहून येताना पत्रकं घेऊन येत. मी अक्षरं शिकलो ती त्या पत्रकांवर. घरात भिंतीला लावलेली होती, छताच्या पत्र्याला आतून चिकटवलेली होती, मी आडवा पडून वाचायचो. त्यामुळं माझ्या तोंडात 'अन्याय' हा शब्द 'आंबा'च्या आधी आला, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. पहिल्या शनिवारी अण्णांनी मला अंगणात खाली दगडावर बसवलं आणि स्वतः ओसरीवर बाजेवर बसले. सोमवारी बाईंनी विचारलं, कुठं बसलास? मी सांगितलं. पुढच्या शनिवारी त्या माझ्याबरोबर आल्या. दोन वाक्यं ऐकली आणि हात वर केला.

"अण्णा, तुमाला सगळं ऐकू यायलंय का?"

"येतंय की थोडंफार."

"थोडंफारच येणार. खाली बसून वाचलं की आवाज जमिनीत जातो. पोराला बाजेवर घ्या, न्हाईतर अर्धी गोष्ट मातीतच जाईल."

अण्णांनी काठी बाजूला ठेवली. मग बाजेवर सरकून जागा दिली. आवाज जमिनीत जातो हे शास्त्र बाईंनी कुठून आणलं, ते त्यांनाच ठाऊक. पण त्या दिवसापासून गावातला कुठलाच वाचणारा खाली बसला नाही.

अण्णांसाठी सरांनी निवडलेली गोष्ट अशी होती : एका शेतकऱ्याचा बैल बाजारातून चोरीला जातो, आणि तो एकटा त्याच्या मागावर गावोगाव फिरतो. जुनं, जाड, शेवटची पानं शिवलेलं पुस्तक. अण्णा त्या बैलात इतके गुंतले की आठवड्यात मधेच रस्त्यात गाठून विचारायचे, "काय रे, नदी ओलांडली का त्यानं?" मी सांगायचो नाही. सरांची रेघ होती.

मग तो पावसाळा आला. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्या गावात घरं जळली नाहीत, म्हणून गाव चांगलं होतं असं पुढं सगळे सांगत. चांगलं गाव काय करतं ते मी पाहिलं. ऐन निंदणीच्या दिवसांत बौद्धवाड्यातल्या कुणाला कामाला बोलावलं नाही. दुकानातून मीठ मिळेना. मधुकररावांनी गिरणीत आमचं दळण घेणं बंद केलं. आया दगडावर ज्वारी भरडायला लागल्या. शाळेच्या वाटेवर पारावर मोठी पोरं बसायची, आम्ही दिसलो की उठून वाट भरून उभी राहायची, बस, एवढंच. आम्ही घरी बसलो. वडिलांनी एका संध्याकाळी सांगून टाकलं, "या गावात शिकायचं आता संपलं. महिना सरला की परभणीला हॉटेलात लावतो तुला." मी पत्रकातल्यासारखं काहीतरी जोरदार बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे बोलायला पोट भरलेलं लागतं."

सर आणि बाई शाळा सुटली की रोज आमच्याकडं यायचे. समाजमंदिराच्या पायरीवर वर्ग भरायचा, चुकलेला प्रत्येक धडा व्हायचा. सर कधी धीर देणारं भाषण करायचे नाहीत. "काल कुठं होतो आपण?" एवढंच विचारायचे.

तिकडं अण्णा अस्वस्थ झाले होते. हे बाईंनी मला पुढं कितीदा तरी रंगवून सांगितलं आहे. अण्णांनी आधी गड्याला शाळेत पाठवलं : दुसरा पोरगा द्या. सर म्हणाले, "वाचणारा ठरलेला आहे." गडी परत आला : मग पुस्तक द्या, घरातलं कुणीही वाचील. सर म्हणाले, "पुस्तक शाळेचं आहे, आणि ते ठरलेल्या वाचणाऱ्याकडं आहे. अण्णांना सांग, पुस्तक सुटं मिळत नाही." शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या लोकांनी सरांना बोलावून समज दिली. मधुकरराव तर म्हणाले, मास्तर राजकारण करायलाय. सर म्हणाले, "मी बैलाची गोष्ट वाचायला दिली आहे. बैल कुठल्या पक्षात आहे?"

आणि एका संध्याकाळी, आमचा वर्ग चालू असताना, काठी टेकत नरहरी अण्णा बौद्धवाड्यात आले. एकटे. त्यांच्या हयातीत ते पहिल्यांदाच आले असावेत, कारण कुठं उभं राहायचं ते त्यांना समजत नव्हतं. सगळी माणसं दारात आली. अण्णांनी आवाजाच्या अंदाजानं माझ्याकडं तोंड केलं.

"पोरा, बैल सापडला का रे?"

कुणी हसलं नाही. मी पुस्तक घट्ट धरलं. उत्तर माझ्या आईनं दिलं. ती परातीत भरड चाळत होती, तशीच उठली.

"अण्णा, तुमाला लोकाच्या बैलाची पडलीय, अन् आमच्या लेकरायला भाकर न्हाई धड. दगडावर भरडून हात सोलले आमचे. आधी गिरणीत आमचं दळण पडू द्या. मग सांगील माझा पोरगा बैलाचं काय झालं ते."

अण्णा सरांकडं वळले. "मास्तर, तुमी तरी सांगा हिला."

सर पायरीवरून उठलेही नाहीत. "अण्णा, मी भाषेचा मास्तर. त्यांचं वाक्य पूर्ण आहे. मी त्यात काय दुरुस्त करू?"

अण्णा गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः गिरणीच्या दारात खुर्ची टाकून बसले आणि निरोप धाडला, बौद्धवाड्याचं दळण आणा. मधुकरराव बापाशी बाजारात ऐकू जाईल इतकं भांडले. अण्णा हलले नाहीत. शेवटची पाटी दळून होईपर्यंत बसून राहिले. आई पीठ घेऊन आली ती गावातल्या मोठ्या रस्त्यानं, डोक्यावर पाटी, मान ताठ... मी त्यानंतर लाखांचे मोर्चे पाहिले आहेत, पण तसं चालणं पुन्हा पाहिलं नाही.

शनिवारी मी पुस्तक घेऊन निघालो तर सरांनी थांबवलं. "तुला वाटेत अडवलं होतं ना? मग ही गोष्ट संपेपर्यंत ऐकणाऱ्यानं चालायचं." अण्णा आमच्याकडं चालत यायला लागले. दर शनिवारी पारासमोरून काठी आपटत, आणि पारावरच्या पोरांना त्यांना वाट द्यावी लागायची. त्याच आठवड्यात बाईंनी आम्हाला रांगेत शाळेत नेलं, त्या पुढं आणि सर शेवटी. पारावरचा एक उठून आडवा झाला तेव्हा बाई थांबल्या. "काय रे, हिंदीत अडकला होतास तेव्हा माझ्या घरी रोज यायचास. आता उठलास ते नमस्कार करायलाच ना?" बाकीची पोरं फिदीफिदी हसली, तो खरंच वाकला. वडिलांनी हॉटेलचं नाव पुन्हा काढलं नाही.

एका गोष्टीच्या पुस्तकानं जात गेली असं मी लिहिणार नाही. तसं लिहिणारे मला आवडत नाहीत. अण्णांनी आमच्याकडं गोष्ट पूर्ण ऐकली, शेवटच्या शनिवारी डोळे पुसले, पण पाण्याचा तांब्या अखेरपर्यंत घरून आणला. सरांना मी पुढं कॉलेजात असताना हेच टोचून विचारलं. तेव्हा मी स्वतः पत्रकं लिहायला लागलो होतो, मोर्चांत जात होतो, आणि सर मोर्चात का येत नाहीत याचा मला राग होता. ते माझं पत्रक वाचत होते. म्हणाले, "तांब्या घरून आणला हे खरं. पण तू तो पाहिलास, लक्षात ठेवलास, अन् आता त्यावर लिहिशील. मोर्चा तुझा आहे, तू काढ. मी मोर्चात बोलता येईल अशी पोरं तयार करतो." मग पेन्सिल घेऊन माझ्या पत्रकातली तीन उद्गारचिन्हं खोडली. "हे बरोबर लिहिलंयस. पण हे कुणाला ऐकवणार? पटलेल्यालाच? त्याच्या घरी तर तू राहतोस..."

सर गेले त्यानंतर काही आठवड्यांत, संक्रांतीच्या दिवशी, विद्यापीठाला नाव लागलं. आम्ही नामांतर मागितलं होतं, मिळाला तो नामविस्तार. ते मी विसरणार नाही. पण ज्या नावासाठी आमची माणसं मेली ते नाव कमानीवर चढलं, आणि आमच्या वाड्यात ढोल वाजले. त्या आठवड्यात मी गावीच होतो. शनिवारी शेख बाई शाळेत आल्या. निवृत्त होऊनही त्यांनी शनिवार सोडलेला नाही, आणि आता घरं त्याच ठरवतात. मुलं पांगली तशी त्या माझ्याकडं वळल्या. "एक घर उरलंय. मधुकररावांच्या डोळ्यांचं आपरेशन झालंय, पट्टी आहे. त्यांच्याकडं तू जा."

मी बाईंकडं पाहत राहिलो. त्यांनी फक्त चष्मा वर सरकवला.

मधुकरराव ओसरीवर बाजेवर बसले होते. अंगानं उतरलेले, डोळ्यावर हिरवी पट्टी. मी नाव सांगितलं. ते बाजेवर सरकले. मी शेजारी बसलो. "पुस्तक कोणतं आणलंस?" म्हणाले. मी म्हटलं, पुस्तक नाही, पेपर आहे. "वाच की मग." मी पहिल्या पानावरची मोठी बातमी उघडली आणि विद्यापीठाच्या नव्या, पूर्ण नावासकट ती पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. मधे पेन्सिलीची रेघ नव्हती. कुठं थांबायचं ते मलाच ठरवायचं होतं, आणि मला थांबायचं नव्हतं. बातमी संपली. मधुकररावांनी मान खाली घातली. आतल्या दारापाशी बांगड्या वाजल्या.

"पुन्हा वाच," ते म्हणाले. "अन् जरा मोठ्यानं. आतली माणसं ऐकायलेत."

मी उभा राहिलो आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाईल अशा आवाजात पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.