नुसता कॅमेरा

कापसाच्या त्या वाईट वर्षांत मुंबईचे वार्ताहर यवतमाळात वारंवार उतरायचे. मी एका वाहिनीचा जिल्ह्यातला कॅमेरामन. आमचा वार्ताहर माझी ओळख करून द्यायचा, "हा आपला कॅमेरा." माणूस म्हणायलाही त्याची जीभ रेटत नसे.

बोरी अरबच्या पुढं एका केंद्रावर कापसाची खरेदी अचानक बंद झाली आणि शेतकरी रस्त्यावर बसले. मी कापसाने भरलेल्या बैलगाडीवर चढून चित्रण करत होतो. आमचा वार्ताहर काचा वर करून मोटारीत. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. हात जोडून उभा असलेला एक म्हातारा खाली पडला. एक लाठी माझ्या कोपरावर बसली, पण मी कॅमेरा बंद केला नाही.

सगळं शांत झाल्यावर साहेब मोटारीतून उतरले. कापसाचा पुंजका उचलून त्यांनी खांद्यावर चिकटवला, केस थोडे विस्कटले आणि माईक धरला. "जमावानं आधी दगडफेक केली, हे मी डोळ्यांनी पाहिलं."

मी म्हणालो, "साहेब, दगड आलेच नाहीत."

"तू फ्रेम सांभाळ. बातमी मी सांभाळतो."

दगडफेकीचा गुन्हा म्हाताऱ्यासह कितीतरी जणांवर लागला. पुढे चौकशी बसली आणि पत्रकारांचे जबाब मागवले गेले. नावं पाठवणार होती पत्रकारांची संघटना. मी तिच्या पदाधिकाऱ्याकडे गेलो. सरकारी पत्रकं स्वतःच्या नावानं छापण्यात त्याचा जन्म गेलेला.

"तू तंत्रज्ञ," तो म्हणाला. "पत्रकार म्हणजे जो लिहितो तो." मोटारीत बसलेल्याचं नाव यादीत सगळ्यात वर होतं.

दोन दिवसांनी त्या म्हाताऱ्याची बायको पत्ता विचारत माझ्या घरी आली. "भाऊ, तू गाडीवर उभा होता. मले दिसला. जे झालं ते तुह्या टेपात असन ना? दाखव ना सायबाले."

मूळ टेप माझ्याकडेच होती. मी न बोलावता चौकशी अधिकाऱ्याकडे गेलो. त्यानंही आधी ओळखपत्र मागितलं.

"तुम्ही पत्रकार आहात?"

"ते मला ठाऊक नाही. मी तिथं होतो."

कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर त्यानं ते दोनदा पाहिलं. मग दार लावून घ्यायला सांगितलं आणि माझा जबाब लिहून घेतला. दगडफेकीचं कलम गेलं. रस्ता अडवल्याचं मात्र राहिलं.

वाहिनीनं मला काढलं, कारणही सांगितलं नाही. त्याच हिवाळ्यात संघटनेनं आमच्या वार्ताहराचा निर्भीड पत्रकारितेसाठी सत्कार ठरवला. पदाधिकाऱ्याचा फोन आला, "कार्यक्रमाचं शूटिंग तूच कर, घरचाच माणूस आहेस." त्याला यात काही वावगं वाटत नव्हतं, याचीच मला किळस आली. एखाद्यानं लाजून विचारलं असतं, तर मी कदाचित गेलोही असतो.

सत्काराच्या दिवशी मी म्हाताऱ्याच्या घरी गेलो. त्याला टेप बघायची होती. अंगणातल्या खाटेवर बसून, डोळे बारीक करून त्यानं माझ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर स्वतःला पडताना पाहिलं. बायको मागं उभी होती.

चित्रण संपल्यावर तो बायकोकडे वळला. मग हळूच म्हणाला, "मी इतला बुढा दिसतो का?"