ओरेस्तेच्या दोरीवरचे कपडे

ओरेस्तेने बायकोला वरच्या खोलीत कोंडून ठेवलंय, अशी आमच्या कालव्यावर कुजबूज होती. पहिल्यांदा कुजबुजलो तो मीच. भाजीची होडी चालवणाऱ्याला दोन्ही काठांच्या बातम्या लागतात, आणि लागल्या की पोटात राहत नाहीत.

वर्षभरात त्याच्या बायकोला, नेरिनाला, जिना उतरताना कोणी पाहिलं नव्हतं. तिचे कपडे मात्र दर सोमवारी कालव्यावरच्या दोरीवर झुलत: निळा झगा, दोन परकर, पांढरे मोजे.

"संशयी मेला!" मासेवाली इनेस म्हणे. "सत्तरीच्या बाईला कोण पळवणार आहे?"

"तुला कोणी पळवत नाही म्हणून जळतेस होय गं?" मी तिला चिडवी.

ओरेस्ते म्हणजे व्हेनिस सोडणाऱ्यांचा कर्दनकाळ. कोणाचं सामान होडीत चढताना दिसलं की हा पुलावर हजर. "जा, मेस्त्रेला जा! मोटारींच्या धुरात झोपा, पळपुट्यांनो!" त्याच्या गल्लीतली अकरा घरं अशी शिव्या खात खाडीपलीकडच्या मेस्त्रेत गेली. आता तिथे चाकांच्या बॅगा खडखडवत पाहुणे येतात, चार दिवस राहून जातात.

एका सोमवारी माझ्या होडीचं इंजिन बिघडलं आणि ती नेमकी त्याच्या दोरीखाली अडकली. अर्धा तास बसलो. डोक्यावर एक थेंब पडला नाही.

मी चार जिने चढून वर गेलो. "काय रे म्हाताऱ्या, तुझं धुणं कोरडं कसं?"

तो दार अडवून उभा राहिला. मागे टेबलावर एकच ताटली होती.

"खाली काय सांगणार आहेस?"

"तूच सांग, काय सांगू?"

त्याने दार आणखी लोटून घेतलं. मग म्हणाला, "कोंडलीय म्हणून सांग. ते चालेल मला."

पुढच्या सोमवारी कपडे टपटपत होते, थेट माझ्या कोबीवर. मीही खाली तेच सांगितलं. वर थोडं पदरचं घातलं.

गेल्या हिवाळ्यात ओरेस्ते वारला. नेरिना काठी टेकत, लेकीच्या हाताला धरून चर्चमध्ये आली. इनेसने तिला मिठीच मारली.

"सुटलीस गं बाई!"

"कशातून?" नेरिनाने विचारलं.

तिला कोणी कोंडलं नव्हतं. गुडघ्यांमुळे चार जिने होईनात, म्हणून एका रविवारी, सगळे चर्चमध्ये असताना, ती मेस्त्रेला लेकीच्या लिफ्टवाल्या घरी राहायला गेली होती. ओरेस्ते तिला भेटायला एकदाही गेला नाही.